पाहुण्यांसाठी धुतलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे. खरं सांगायचं तर आता अर्धाच उरलो आहे. माझं डोकं आणि दांडा पंचायत समितीच्या आवारात मोडक्या खुर्च्यांशेजारी पडले आहेत. माझे पाइप मात्र अजून जमिनीतच आहेत, ढाणकीपासून तीन कोसांवर असलेल्या एका तांड्याजवळ. तुम्ही मला पत्ता विचारलात तर मी दोन पत्ते देईन, आणि दोन्ही ठिकाणी मी काही कामाचा नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाचे पत्रे कापून, जोडून, जस्ताच्या रसात बुडवून मला काढलं, तेव्हा मी चांदीच्या भांड्यासारखा चमकत होतो. मग ट्रकमधून यवतमाळ जिल्ह्यात आलो. दुष्काळाचं साल होतं. तांड्याबाहेर बोअरची गाडी दिवसभर घरघरत राहिली, आणि एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं तेव्हा बायकांनी त्या चिखलालाच हात जोडले.

या तांड्यातल्या माणसांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे. ते पाणी असेल तिथे मुक्काम करायचे आणि पाणी आटलं की उठायचे. माझ्या वेळेपर्यंत ते शेतकरी झाले होते. तांड्याचा नायक होता हिरासिंग. त्याची बायको लालीबाई तेव्हा जेमतेम विशीतली असेल. माझा दांडा पहिल्यांदा तिनं धरला. सात-आठ हबके मारले, पाण्याची धार आली, आणि ती स्वतःशीच हसली. त्यानंतर तीस वर्षं तिचा हात रोज माझ्या दांड्यावर पडला. हाताच्या वजनावरून मला तिचा दिवस कसा गेला ते कळायचं.

लालीबाईची एक रीत होती. तांड्याची रीत, पण तिच्याइतकी कडक कुणी पाळत नसे. पाहुणा आला की आधी राख आणि काथ्या घेऊन माझा ओटा घासायचा, तोंड घासायचं, मग दहा घागरी पाणी उपसून जमिनीला सोडून द्यायचं. अकराव्या घागरीतला तांब्या पाहुण्याच्या हातात. पाइपात साचून राहिलेलं पाणी पाहुण्याला देणं म्हणजे त्याचा अपमान, असं ती म्हणे. एकदा जनगणनेचा गुरुजी घाईत होता. “बाई, द्या कसंबी,” म्हणाला. लालीबाई म्हणाली, “गुर्जी, तुमच्या कागदात चूक झालेली चालते का? मंग माह्या पाण्यात काहून चालवू?” गुरुजी बिचारा दहा घागरी होईपर्यंत उभा राहिला.

माझं आजारपण काढायला ढाणकीहून निजामुद्दीन यायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. सायकलच्या मागे पाने, साखळी आणि चामड्याचे वायसर बांधलेले असायचे. त्याचाही एक नियम होता. दुरुस्ती झाली की बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर सोडायची, वास जाईपर्यंत पाणी उपसायचं आणि मगच पंप लोकांच्या ताब्यात द्यायचा. “डॉक्टर ऑपरेशन झाल्यावर जखम उघडी ठेवते का?” असं तो म्हणायचा.

अशी माझी चांगली वर्षं गेली. मला वाटलं, सगळं आयुष्य असंच जाणार.

मग कपाशीचे वाईट दिवस आले. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरून टाकली. एका औषधानं अळी मरेना म्हणून दुसरं, दुसऱ्यानं मरेना म्हणून दोन्ही मिसळून फवारणी सुरू झाली. शेतात कापूस कमी होत गेला आणि औषधाची मागणी वाढत गेली. त्याच सुमारास तांड्याच्या वरच्या अंगाला, दोन वावरं सोडून, एक कारखाना उभा राहिला. तिथे फवारणीचं औषध मोठ्या पिंपांतून लहान बाटल्यांत भरत. मालक होता श्रावण. शेजारच्या गावचाच, लहानपणी गुरं घेऊन आला की माझ्याच धारेला तोंड लावून पाणी प्यायचा. वाईट माणूस नव्हता. तांड्यातल्या बावीस बायकांना त्यानं बारमाही काम दिलं. त्यांत लालीबाईची सूनही होती, ममता.

पण रिकामी पिंपं रोज धुतली जात, आणि ते धुवण नालीत सोडलं जाई. नाली उताराला लागून माझ्या ओट्यापासून दहा हातांवरून जायची. ओट्याला एक भेग होती. पावसाळ्यात नाली भरली की ते पाणी त्या भेगेतून माझ्या पाइपाच्या कडेकडेनं खाली उतरू लागलं.

मला ते सगळ्यांत आधी कळलं. पण मित्रांनो, मला तोंड होतं ते फक्त पाण्यासाठी.

हळूहळू इतरांनाही कळलं. घागरीवर फेस दिसू लागला. मुलांच्या अंगावर चट्टे उठले. सकाळी पाणी पिऊन शाळेत गेलेली पोरं उलट्या करत परत आली. एका आठवड्यात रुपीबाईच्या तीन शेळ्या मेल्या. आणि पुढच्याच उन्हाळ्यात ममताला दिवस गेले.

एके दिवशी सासू-सून दोघी माझ्यापाशी होत्या. ममता दांडा मारत होती. लालीबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

“उद्यापासून कारखान्यात जाऊ नको.”

“याडी, मंग जाऊ कुठी?” ममता म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. “कापूस वेचाले? दाखव ना मले कापूस, कुठी हाये तो!”

“अन पोटातल्याले हे पाणी पाजशील?”

“पाणी तं तू बी पेतेस. कारखाना बंद झाला तं बावीस घरच्या चुली बंद होतीन. मंग ह्या बावीस बाया तुह्याच दारात येऊन बसतीन, सांगून ठेवतो!”

“येऊ दे. त्याईले पाजाले तरी चांगलं पाणी पाहिजे ना वं!”

ममता घागर उचलून तरातरा निघून गेली. पण थोड्या अंतरावर थांबली आणि अर्धी घागर रस्त्यातच ओतून टाकली. लालीबाईनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

लालीबाई श्रावणकडे गेली नाही, तोच आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की म्हातारी तक्रार करणार आहे. तो माझ्या ओट्याजवळ उभा राहिला. लालीबाईनं नेहमीसारखं घासलं, दहा घागरी सोडल्या आणि तांब्या पुढे केला.

“आत्ताच पेऊन आलो, काकी,” श्रावण म्हणाला.

“लहानपणी तं तांब्याचीबी वाट पाहत नव्हता तू.”

तो जरा ओशाळला. मग म्हणाला, “काकी, मी काही चोरी करून नाई राह्यलो. लायसन हाये, परवानगी हाये. देशाच्या घटनेनं मले धंदा कराचा हक्क देल्ला हाये.”

“घटनेनं आमाले काई देल्लं का नाई, का सगळं तुलेच देऊन टाकलं?”

श्रावण कारखान्याकडे वळला. उत्तर लालीबाईलाही कुठे ठाऊक होतं? पण तो प्रश्न तिच्या डोक्यात राहिला. पुढच्या वेळी चाचा वायसर बदलायला आला तेव्हा तिनं त्यालाही तोच विचारला. चाचा म्हणाला, “आपल्या शबानाले विचारू.” शबाना त्याची पुतणी. पुसदला शिकली, वकील झाली, नागपूरच्या हायकोर्टात जायची.

शबाना आली ती थेट माझ्या ओट्यावरच बसली, काळा कोट मांडीवर घडी करून. आजूबाजूला बायका बसल्या. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला तास होता. मी राज्यघटना तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

शबाना म्हणाली, “आजी, घटनेत एकविसावं कलम हाये. थे म्हंते, माणसाचा जीव, त्याचं जगणं, कोणी असंच हिरावून घेऊ शकत नाई. मोठ्या कोर्टानं सांगतलं हाये का जगणं म्हंजे नुसता श्वास नाई. चांगलं पाणी, चांगली हवा, हेबी त्यातच येते.”

“अन श्रावणचं?”

“त्याचं एकोणिसावं. कोणीही कोणताही धंदा करू शकते. पण त्याच कलमात पुढं लिवलं हाये का लोकाईच्या भल्यासाठी त्या धंद्यावर वाजवी बंधनं घालता येतात.”

लालीबाईनं थोडा विचार केला. “मंग भांडण कायचं हाये? माणूस आधी जगन, मंग धंदा करन ना!”

शबाना खळखळून हसली. “आजी, मी कोर्टात हेच बोलणार हाये. फक्त इंग्रजीत बोलीन, अन अर्धा दिवस बोलीन.”

“अन कारखाना बंद पाडशील?” मागून ममतानं विचारलं. आवाज बारीक होता.

“बंद करा असं मागणारच नाई,” शबाना म्हणाली. “धुवण नालीत सोडू नये, त्याची वेगळी सोय करावी, तोपर्यंत पिंपं धुणं बंद ठेवावं. एवढंच.”

लालीबाईनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान हलवली. कागदावर पहिला अंगठा लालीबाईचा उठला आणि दुसरी सही ममताची झाली. त्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईनं सही केली, हे धाडस लहान नव्हतं.

कोर्टानं अर्ज लवकर ऐकला, हेही सांगितलं पाहिजे. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हटलं, आधी पाणी तपासा. पोळा झाल्यावरची तारीख ठरली. कोर्टाच्या हुकमानं साहेब येणार, पंपाचं पाणी बाटलीत भरून नेणार. शबानानं तारीख तेवढी चाचाला कळवली.

आता जे झालं ते नीट ऐका, कारण हे दुष्टपणानं झालेलं नाही.

तांड्यात बातमी पसरली की कोर्टाचे पाहुणे येणार. इतके मोठे पाहुणे तांड्यात कधीच आले नव्हते. लालीबाईनं बायकांना जमवलं. “दहा घागरीनं भागणार नाई,” ती म्हणाली. “थे नागपूरचे लोक हाये. आपलं पाणी पाहाले येऊन राह्यले.”

तीन दिवस बायकांनी पाळ्या लावून माझं पाणी उपसलं. सकाळी एक टोळी, दुपारी दुसरी. चाचा आपणहून आला. त्यानं ओट्याची भेग सिमेंटनं बुजवली, नवे वायसर घातले आणि आपल्या नियमाप्रमाणे भरपूर ब्लीचिंग पावडर सोडली. मग वास जाईपर्यंत पुन्हा उपसा. लालीबाईनं ओटा शेणानं नाही, चुन्यानं सारवला. माझ्या तोंडाला तिनं इतकं घासलं की मी तीस वर्षांनी पुन्हा चमकलो.

त्यांना थांबवायला मी दांडा जड करून पाहिला. साखळी कुरकुरवली. चाचानं तिला तेल घातलं.

तिकडे कारखान्याला ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागली होती. आठ दिवस एकही पिंप धुतलं गेलं नाही आणि नालीवर मुरूम पसरला गेला. म्हणजे त्या दिवशी वरच्या अंगानंही आवरलं होतं आणि खालच्या अंगानंही. त्यांनी लपवायला आवरलं, आणि लालीबाईनं मान द्यायला.

साहेब आले. दोघे होते, गळ्यात ओळखपत्रं. एकानं ओट्याकडे पाहून म्हटलं, “वा! इतका स्वच्छ पंप मी जिल्ह्यात पाहिला नाही.” लालीबाई लाजून हसली. तिनं त्यांच्यासमोर आणखी दहा घागरी सोडल्या. मग तपकिरी काचेच्या बाटलीत त्यांनी माझं पाणी भरलं, बूच लावलं, चिठ्ठी डकवली. कुणी विचारलं नाही की हा पंप कधी धुतला, किती उपसला. कुणी सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही. साहेबांनी तांब्याभर पाणी पिऊन आभार मानले आणि गाडी गेली.

इतकी स्तुती मला कधी मिळाली नव्हती. आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

हिवाळा लागला तेव्हा शबाना निकाल घेऊन आली. या वेळी ती ओट्यावर बसली नाही. उभ्यानंच वाचू लागली. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे कोर्टानं मान्य केलं होतं. धंद्याचं स्वातंत्र्य लोकांच्या आरोग्यापेक्षा मोठं नाही, हेही मान्य केलं होतं. बायका खूश झाल्या. रुपीबाईनं टाळी वाजवली.

“थांबा,” शबाना म्हणाली. “पुढं हाये. बंधन वाजवी पाहिजे, अन वाजवी ठराले पुरावा पाहिजे. तपासणीत पाणी ठरलेल्या मर्यादेत निघालं. म्हणून काम थांबवता येणार नाई. मालकानं नाली पक्की बांधावी, सहा महिन्यांनी पाणी पुन्हा तपासावं, अन तोवर काळजी म्हणून ह्या पंपाचं पाणी कोणी पिऊ नये.”

“म्हंजे कारखाना चालू,” लालीबाई सावकाश म्हणाली, “अन पंप बंद?”

शबानानं कागद खाली केला.

“पण पाणी खराब हाये ना? मर्यादेत कसं निघालं?”

“तेच मले कळून नाई राह्यलं, आजी. त्या दिवशी पंपाले काही केलं होतं का तुम्ही?”

लालीबाईनं भोळेपणानं सगळं सांगितलं. तीन दिवसांचा उपसा, भेग, चुना, ब्लीचिंग. ती सांगत गेली तशी शबानाचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिनं कागद छातीशी धरला. “चूक माही हाये,” ती म्हणाली. “मी तारीख सांगतली. हात लावू नका, हे सांगाचं माह्या ध्यानातच नाई आलं.”

“म्हंजे…” लालीबाई ओट्याकडे पाहत राहिली. “म्हंजे मीच धुतलं?”

चाचा दूर सायकलपाशी उभा होता. त्यानं मान खाली घातली.

“आजी, अजून वरचं कोर्ट हाये,” शबाना म्हणाली.

“तिथंबी हाच कागद जाईन ना?”

“हो. हाच जाईन.”

त्या दिवसानंतर लालीबाईनं माझा ओटा कधीच घासला नाही.

चार दिवसांनी एक माणूस डबा-ब्रश घेऊन आला आणि त्यानं मला लाल रंग फासला. वर पाटी लिहिली, ‘पाणी पिण्यास योग्य नाही’. दांड्याला साखळी आणि कुलूप घातलं. बायका दीड कोसावरच्या विहिरीला जाऊ लागल्या. नाली निम्मी पक्की झाली, मग गवंडी दिसेनासा झाला. सहा महिने झाले, वर्ष झालं. शबानानं अर्जावर अर्ज धाडले, पण पुन्हा तपासायला कुणी आलं नाही.

निकाल लागताच ममताला लालीबाईनं तांड्यात राहू दिलं नाही. तिचा नवरा संजय ऊसतोडीला गेला होता; त्याच्याकडे तिला धाडलं. “तिथचं पाणी तरी निवळ असंन,” ती म्हणाली. उसाच्या फडात ममताला मुलगी झाली. जन्मली तेव्हा रडली नाही. आधी प्यालेल्या पाण्यानं, की कारखान्यातल्या वासानं, की डोक्यावरच्या मोळ्यांनी, ते कुणी तपासलं नाही. बाटलीत भरून नेण्यासारखं ते काही नव्हतं.

ममता रिकाम्या हातांनी परत आली आणि पुन्हा कारखान्यात जाऊ लागली. दुसरं काम नव्हतं. श्रावणनं आता बायकांना हातमोजे दिले होते आणि प्यायला थंड पाण्याचा जार ठेवला होता. ममता संध्याकाळी त्या जारमधलं पाणी बाटलीत भरून सासूसाठी आणायची. म्हातारीचे गुडघे गेले होते. विहिरीपर्यंत जाणं होत नव्हतं. पहिल्या दिवशी लालीबाईनं बाटली परत केली. दुसऱ्या दिवशीही केली. तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं. तिनं दोन घोट घेतले आणि तोंड पुसलं.

मग पंचायत समितीकडून माझं डोकं काढायचा हुकूम आला. काढायला चाचाच आला, कारण पाने त्याच्याकडेच होते. लालीबाई काठी टेकत ओट्यापर्यंत आली.

“चाचा, खाली पाणी हाये ना अजून?”

“हाये ना, बाई. पाणी कुठी जाते?”

“मंग काहून काढून राह्यले?”

चाचानं बोल्टला पाना लावला. बोल्ट गंजले होते, बराच वेळ लागला. त्यानं माझ्या पाइपाच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवलं आणि मला पोत्यात गुंडाळून सायकलला बांधलं. लालीबाई झाकणावर हात ठेवून उभी होती. मी तिला तेवढंच पाहिलं. तिचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला तुमच्याकडून माझी दुरुस्ती नको आहे. माझे दिवस संपले. पण तुमच्या गावातही कुठेतरी पाणी असेल, आणि एखाद्या दिवशी ते तपासायला बाटली घेऊन कुणी येईल. त्या दिवशी घरच्यांना सांगा, ओटा घासू नका, पाणी उपसू नका. रोज जे पिता तेच त्या बाटलीत भरू द्या, फेसासकट, वासासकट. आणि येणाऱ्याला स्वतःहून सांगा की कोणत्या महिन्यात पोरं आजारी पडतात, नाली कुठून वाहते. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. त्यानं न्याय मिळेलच, असं मी म्हणत नाही. मी तो पाहिलेला नाही. पण लालीबाईसारखी एखादी म्हातारी पुढे आयुष्यभर स्वतःच्या हातांकडे पाहत बसणार नाही.